पिशवीचा त्रास

“खोका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अक्कांनी तोंडाला पदर लावला आणि दोनदा हळूच खाकरल्या. सोप्यात सासरा बसलेला असताना पुढनं जायचं झालं तर सुना खाकरतात, तेवढंच.

“असं नको. मिरची नाकात गेल्यावर खोकता ना, तसं. पोटातून.”

अक्कांनी पडद्यापाशी उभ्या असलेल्या माझ्याकडं एकदा बघितलं, मग पदर सोडला आणि खरंखुरं खोकल्या. त्यांच्या पायांखाली जाड कागद अंथरला होता. त्यावर पाणी पडल्याचा आवाज झाला. खोली लहान, त्यामुळं तो सगळ्यांना ऐकू आला. अक्का मान खाली घालून तशाच उभ्या राहिल्या आणि मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत असल्याचं सोंग केलं.

“झालं. कपडे नीट करा आणि बाहेर येऊन बसा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “चार महिन्यांपूर्वी होतं तेवढंच आहे.”

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, सुगंधा मगदूम. मी धाकटी, त्रिशला. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या अंगाला. घर एकत्र, चूल एक. भूपालदादा, म्हणजे अक्कांचे मालक, शेती बघायचे. माझे मालक साखर कारखान्यात. मी गावच्या शाळेत मास्तरीण. आणि अक्कांचं स्वतःचं, चिकाटीनं उभं केलेलं मिरची कांडप, आमच्या दारालाच लागून. आमच्याकडं बायका वर्षाची चटणी उन्हाळ्यात एकदाच करून ठेवतात. फाल्गुन लागला की चार गावांच्या बायका मिरचीची पोती, धणे, खोबरं, लसूण घेऊन अक्कांच्या दारात. यंत्राचे दांडे एकदा पडायला लागले की त्या पत्र्याच्या खोलीत उभं राहणाऱ्याला शिंका आणि खोकला चुकत नाही. बाकीच्या बायका शिंकायच्या आणि हसायच्या. अक्का शिंकायच्या आणि घरात येऊन लुगडं बदलायच्या.

दुसऱ्या मुलीच्या वेळेपासून हे सुरू झालेलं. खोकलं, शिंकलं, पोतं उचललं, मोठ्यानं हसलं की गळायचं. जाऊबाई दिवसातून तीनदा लुगडं का बदलतात हे लग्न होऊन आल्यावर मला वर्षभर कळलं नव्हतं. त्या म्हणायच्या, अंगावर पाणी सांडलं. एवढं पाणी कुणाच्या अंगावर सांडत नाही, पण मी विचारलं नाही.

दोन हजार पाचच्या महापुराच्या वर्षी, पूर यायच्या आधी उन्हाळ्यात, तालुक्यातल्या एका डॉक्टरांनी त्यांची पिशवी काढली. त्यानंतर थांबायचं ते थांबलं नाहीच, वाढलं. उठून उभं राहिलं तरी गळायला लागलं. अक्कांनी कांडपात जाणं सोडलं, तिथं एक बाई ठेवली आणि स्वतः बाहेर तराजूपाशी बसायला लागल्या. मग बस्तीत जाणं सोडलं. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. लग्न होऊन आल्यापासून सकाळचा अभिषेक बघितल्याशिवाय अक्कांनी चहा घेतला नव्हता. आता त्या वाड्याच्या दारातूनच शिखराला हात जोडायच्या. ओल्या अंगानं देवासमोर कसं बसायचं, हा त्यांचा प्रश्न. दादांनी आपली खाट सोप्यात नेली आणि कुणी काही विचारलं नाही. सात वर्षं असं चाललं. चाळिशीची बाई, जुनी लुगडी फाडून घड्या करायची, धुवायची आणि माळ्यावर वाळत घालायची, कुणाला दिसू नयेत म्हणून.

मग आमच्या शाळेत बायकांच्या आरोग्याचं शिबिर झालं. त्यात मिरजेच्या या डॉक्टरीणबाई बोलल्या आणि मी अक्कांना जवळजवळ ओढत त्यांच्याकडं आणलं. त्यांनी आधी व्यायाम दिला. लघवी मध्येच अडवताना जे आवळतं ते आवळायचं, दहा मोजायचे, सोडायचं. अक्का आधी दहा आकडे मोजायच्या ऐवजी णमोकार मंत्र म्हणत होत्या. मग देवाचं नाव आणि ते काम एकदम नको म्हणून बेचा पाढा म्हणायला लागल्या. चार महिने एक दिवस चुकवला नाही. माझा सात वर्षांचा प्रणव त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेला असायचा आणि त्यांच्याबरोबर पाढा म्हणायचा. माझं पोर माझ्यापेक्षा त्यांच्यापाशी जास्त वाढलं. अक्कांना दोन्ही मुलीच. प्रणवला त्या ‘माझं लेकरू’ म्हणायच्या, आणि मला त्याचं बरं वाटायचं.

तर त्या दिवशी चार महिन्यांचा व्यायाम कागदावर गळून गेला होता. अक्का खुर्चीच्या कडेला बसल्या. डॉक्टरीणबाईंनी समोर एक कागद घेतला आणि त्यावर चित्र काढत सांगायला लागल्या.

“हे बघा, सुगंधाताई. ही लघवीची पिशवी. ही खाली येणारी नळी. नळीला खालून जो आधार असतो तो तुमचा सैल पडलाय. खोकला आला की वरून दाब येतो, खाली आधार नाही, म्हणून गळतं. व्यायामानं भागलं नाही. आता ऑपरेशननं आधार द्यायचा. त्याचे तीन-चार मार्ग आहेत. घाई नाही, ऐकून घ्या.”

“ऐकतो की,” अक्का म्हणाल्या. आमच्या भागात बायकाही मी जातो, मी करतो असंच म्हणतात. मी शाळेत पोरांना शुद्ध बोलायला शिकवते आणि घरी आल्यावर तशीच बोलते.

“एक म्हणजे पट्टी. जाळीसारखी बारीक पट्टी नळीखाली झोळीसारखी बसवतात. ऑपरेशन लहान, दोन दिवसांत घरी. पण ती बाहेरची वस्तू. बहुतेकींना काही होत नाही, एखादीला ती आत टोचते, दुखते, परत काढावी लागते. दुसरा मार्ग, तीच झोळी तुमच्याच अंगातली करायची. पोटाच्या स्नायूवर एक चिवट पडदा असतो, त्याची पट्टी कापून घ्यायची. त्याला पोटावर छेद लागतो, बरं व्हायला वेळ लागतो, काही दिवस लघवी अडकू शकते, नळी ठेवावी लागते. पण आत बाहेरचं काही राहत नाही. तिसरं, टाके घालून आजूबाजूचा भाग वर उचलून हाडामागं बांधायचा. आणि चौथं म्हणजे नळीभोवती इंजेक्शन. ते सगळ्यात सोपं, पण त्याचा असर उतरतो, परत परत घ्यावं लागतं.”

अक्कांनी सगळं नीट ऐकलं. मग हात जोडले.

“बाई, तुमी लई चांगल्या हाईसा. पर मला ऑपरेशन लागू पडत न्हाई.”

“लागू पडत नाही म्हणजे?”

“एकदा केलं की. पिशवी काढली. हेच्यासाठीच काढली. थांबलं न्हाई, उलट वाढलं. एकेकाच्या अंगाला औषध लागत न्हाई, तसं माझ्या अंगाला ऑपरेशन लागत न्हाई. परत कापून घिऊन काय करू?”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “जुना कागद आणायला सांगितला होता. आणलाय?”

तो कागद माझ्या पर्समध्ये होता. गेल्या खेपेला त्यांनी बजावलं होतं की आधीचं ऑपरेशन कशासाठी आणि कसं झालं हे बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही. घरात मी सांगून ठेवलं होतं की तो कागद महापुरात गेला. तो कुठंही गेला नव्हता. माझ्या डी.एड.च्या प्रमाणपत्रांच्या पिशवीत तळाशी होता आणि पुराच्या वेळी ती पिशवी मी सगळ्यात आधी माळ्यावर टाकली होती.

“घावला व्हय गं?” अक्का म्हणाल्या.

“सापडला,” मी म्हटलं आणि कागद टेबलावर ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी तो वाचला. उलटून वाचला. परत पुढून वाचला.

“ताई, पिशवी काढली तेव्हा तुम्हाला रक्त जात होतं का? रोज?”

“रक्त?” अक्का हसल्याच. “न्हाई ओ. माझी पाळी एकदम येळच्या येळी व्हती. चार दिवस, पाचवा न्हाई.”

“इथं लिहिलंय, सहा महिने रोज अंगावरून जातं. गर्भपिशवीचा त्रास. म्हणून गर्भपिशवी काढली.”

“गर्भपिशवीला कुठला तरास? माझी लघवीची पिशवी धरत न्हवती.”

डॉक्टरीणबाईंनी कागदाला टाचलेली दुसरी चिठ्ठी बघितली. “मी त्या वेळी तिथं नव्हते,” त्या सावकाश म्हणाल्या. “कागदावर आहे तेवढंच सांगते. काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती. त्यात काही दोष निघालेला नाही. गर्भपिशवी वेगळी आणि लघवीची वेगळी. ती काढल्यानं हे गळणं थांबत नाही, कधीकधी वाढतं. म्हणजे तुमचं या त्रासाचं ऑपरेशन अजून झालेलंच नाही.”

“मग ते कशाचं झालं?”

“तक्रार कुणी सांगितली होती? सोबत कोण होतं?”

“ही व्हती की. ही शिकलेली म्हणून हिलाच बोलायला नेलतं. ही आन् आमचं मालक.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “सात वर्षं झाली. नीटसं आठवत नाही.”

एवढं खोटं मी त्याआधी आणि त्यानंतर कधी बोलले नाही. मला त्या दिवशीचा पंख्याचा आवाजसुद्धा आठवत होता.

डॉक्टरीणबाईंनी फार ताणलं नाही. बाहेर बसा, विचार करा, आज हो म्हणालात तर पुढच्या आठवड्यातली तारीख देते, म्हणाल्या. आम्ही बाहेर आलो. दवाखान्याच्या आवारात सायकली लावायच्या शेडशेजारी सिमेंटचं बाकडं होतं. अक्कांनी आधी पिशवीतला रुमाल काढून त्याची घडी अंथरली आणि मग त्यावर बसल्या. सात वर्षं त्या कुठंही बसताना तसंच बसत होत्या.

“चल, जाऊया घरला,” थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. “दीडची गाडी घावंल.”

“अक्का, ऑपरेशन करून घ्या.”

“न्हाई गं. त्या बाई चांगल्या हाईत, पर कागदात काय तरी घोळ झाला आसंल. ते डॉक्टर काय येडं व्हतं? एवढा मोठा दवाखाना त्येंचा. चांगली पिशवी कोण काढंल? माझ्याच अंगात खोट हाय.”

“खोट नाही तुमच्या अंगात.”

“तुला काय म्हाईत?”

त्या उठायला लागल्या. मला माहीत होतं, या गाडीत बसल्या की परत मिरजेला येणार नाहीत. दादा विचारणार नाहीत, मुली आपापल्या संसारात. तराजूपाशी बसून, रुमालावर बसून जन्म काढतील आणि शेवटपर्यंत म्हणतील, माझ्या अंगाला ऑपरेशन लागत नाही. त्यांना थांबवायचं तर एकच गोष्ट सांगायला हवी होती, आणि ती फक्त मला ठाऊक होती. मी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

“अक्का, डॉक्टरांचा घोळ नाही. माझा आहे.”

मग मी सांगितलं. आधी अडखळत, मग एकदम सगळं.

त्या उन्हाळ्यात अक्कांनी पहिल्यांदा माझ्यापाशी तोंड उघडलं होतं. म्हणाल्या होत्या, त्रिशला, माझी पिशवी धरत न्हाई, डॉक्टरला तू सांग, मला सांगायला जमायचं न्हाई. लघवी हा शब्द त्या माझ्यासमोरही बोलल्या नव्हत्या. कोपऱ्यात नेऊन खुणेनं सांगितलं होतं. मी म्हटलं, मी सांगते, त्यात काय. पण दवाखान्यात डॉक्टरांच्या समोर तीन खुर्च्या होत्या. एकीवर अक्का, एकीवर मी, आणि मधल्या खुर्चीवर दादा येऊन बसले. मी लग्न होऊन आल्यापासून दादांसमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. त्यांच्याशी मी थेट बोलायची नाही, ताटात काय वाढू हेसुद्धा सासूबाईंच्या तोंडून विचारायची. आणि आता त्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांच्या बायकोची लघवी गळते असं एका परक्या पुरुषाला सांगायचं होतं.

डॉक्टर म्हणाले, काय होतंय? मी म्हटलं, पिशवीचा त्रास आहे. डॉक्टर म्हणाले, म्हणजे? मी म्हटलं, अंगावरून जातं. किती दिवस? सहा महिने तरी. रोज? रोज. आमच्याकडं पाळीचं असो, पांढरं असो, बायका त्याला अंगावरून जातं एवढंच म्हणतात, आणि मला वाटलं, डॉक्टर माणूस आहे, पुढचं तपासून ओळखेल. डॉक्टर लिहीत होते. लिहितालिहिता त्यांनी मान वर न करता विचारलं, “युटेरस ना?”

“युटेरस म्हंजे?” अक्कांनी बाकड्यावर विचारलं.

“गर्भपिशवी.”

“आन् तू काय म्हणालीस?”

“काही म्हणाले नाही. मान हलवली.”

“कशी?”

“हो म्हणून.”

तो शब्द खोलीत फक्त मला आणि डॉक्टरांना कळला होता. दादांना नाही, अक्कांना नाही. नाही म्हटलं असतं तर मग कुठली, असं डॉक्टरांनी विचारलं असतं, आणि दुसऱ्या पिशवीचं नाव घ्यावं लागलं असतं. ते नाव घ्यायला नको म्हणून मी मान हलवली. पुढं तपासणी झाली, सोनोग्राफी झाली, पिशवी काढल्याशिवाय भागणार नाही असं डॉक्टर म्हणाले आणि सही दादांनी केली. प्रत्येक पायरीवर मला वाटत राहिलं की आता कुणीतरी थांबवेल. कुणी थांबवलं नाही, आणि थांबवायचं माझंच काम आहे हे मी स्वतःला कळू दिलं नाही. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी अक्का मला म्हणाल्या होत्या, तू हाईस म्हणून बरं.

सगळं सांगून झाल्यावर मी रडायला लागले. अक्का रडल्या नाहीत. समोर एक माणूस सायकलला कुलूप लावत होता, त्याच्याकडं बघत बसल्या.

“का?” मग त्या म्हणाल्या.

“लाज वाटली. दादा शेजारी होते.”

“लाज,” अक्का म्हणाल्या. त्यांनी तो शब्द असा उच्चारला, जणू मी कुणा तिऱ्हाईताचं नाव सांगितलंय. मग म्हणाल्या, “तवा तुला कितवा महिना व्हता?”

मला प्रश्न कळायला वेळ लागला. कळला तेव्हा मला बाकड्यावर बसवेना.

“पाचवा,” मी म्हटलं.

“पाचवा. प्रणव.” त्या मान हलवत राहिल्या. “मी तेहेतीसची व्हतो. हे म्हणत व्हते, दोन पोरी झाल्या, आता एक बघूया. सासूबाईंनी नवस बोललावता. बस्तीत पंचामृताचा अभिषेक.”

“अक्का, तसं काही नव्हतं माझ्या मनात. देवाशपथ नव्हतं.”

“कसं काय न्हवतं?”

“म्हणजे तुम्ही म्हणताय तसं.”

“मी काय म्हणालो?” अक्कांनी पहिल्यांदा माझ्याकडं तोंड वळवलं. “मी कितवा महिना इचारला. तूच म्हणालीस, तसं काय न्हवतं.”

माझ्या मनात तसं नव्हतं हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. नुसती लाज होती, मूर्ख, नवी सून असल्याची लाज. पण लाजेला साक्षीदार नसतो. आणि घरातला एकुलता नातू माझ्या पोटी आला, शेताच्या उताऱ्यावर पुढं त्याचंच नाव येणार, हे सगळ्या गावाला दिसत होतं. माझ्या मान हलवण्याला अक्कांनी एक कारण लावलं, आणि खरं सांगायचं तर मी दिलेल्या कारणापेक्षा ते जास्त पटण्यासारखं होतं. कुठलीही शहाणी बाई तेच धरेल. नुसत्या एका शब्दाच्या लाजेपायी कुणी जावेचं गर्भाशय काढू देतं, यावर कोण विश्वास ठेवेल? मी मास्तरीण. मी पोरांना शब्दांचे अर्थ शिकवून पगार घेते.

अक्का उठल्या. बाकड्यावरचा रुमाल उचलला, घडी घातली आणि दवाखान्याच्या दाराकडं चालायला लागल्या. मी मागोमाग गेले. बाकावर बसलेल्या वीस-पंचवीस बायापुरुषांमधून वाट काढत त्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीपाशी गेल्या. दाराशी बसलेल्या आयानं विचारलं, “काय काम?”

“मूत गळतंय,” अक्का म्हणाल्या. हळू नाही. कांडपाचं यंत्र चालू असताना गिऱ्हाइकाशी बोलायच्या त्या आवाजात. “खोकलं तरी मूत गळतंय, शिंकलं तरी गळतंय. त्येचं ऑपरेशन करून घ्यायचं हाय. आत सोडा.”

सगळ्या बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. एक म्हातारा तर उठून उभा राहिला. अक्कांनी कुणाकडं बघितलं नाही. मी आत जायला पाऊल उचललं तसा त्यांनी हात आडवा केला. “माझं मी बोलतो.”

दार पुरतं लागलेलं नव्हतं. मी ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सगळे मार्ग सांगितले, आणि हेही सांगितलं की मोठ्या छेदाचं ऑपरेशन अंगावर येईल, पट्टीचं सोपं जाईल. अक्का म्हणाल्या, “पट्टी नको. बाहेरचं काय नको. माझ्या अंगातलं काढा आन् माझ्याच अंगात घाला. दुखूदे किती दुखायचं ते.”

पुढचं लवकर सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. ऑपरेशन झालं. बारा दिवस नळी होती, पोटावरची जखम भरायला दोन महिने गेले, आणि गळणं थांबलं. पूर्ण थांबलं. त्या वर्षीच्या फाल्गुनात अक्का कांडपात उभ्या राहिल्या. बस्तीतही जायला लागल्या. घरात त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, दादांना नाही, माझ्या मालकांनाही नाही. त्यांनी भांडावं म्हणून मी वाट बघत राहिले. दिवाळीला त्यांनी चूल वेगळी केली आणि कारण दिलं की कांडपाची धूळ तुमच्या जेवणात येते. प्रणवला त्या खायला द्यायच्या, त्याचा अभ्यास घ्यायच्या. फक्त हाक मारताना ‘माझं लेकरू’ म्हणायच्या बंद झाल्या. मला सांगायच्या, तुझ्या पोराला ताप आलाय बघ. मिरजेच्या डॉक्टरीणबाई एकदा गावात आल्या तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या, धाकट्या जाऊबाईंनी तुम्हाला आणलं म्हणून झालं. अक्का म्हणाल्या, व्हय, हिनंच आणलं.

पण मला खरं सगळं कळलं ते मिरजेतल्या त्या दिवशीच, दुपारी, तारीख ठरल्यावर. टेबलामागं एक तरुण परिचारिका बसली होती. तिनं फॉर्म भरायला घेतला. नाव, गाव, वय. अक्का उत्तरं देत होत्या, मी शेजारी उभी होते, त्यांची पाण्याची बाटली धरून.

“सोबत राहणारं नातेवाईक कोण? सही लागेल.”

“कोण न्हाई. सही माझी मी करतो.”

“एकट्याच आलाय?” परिचारिकेनं माझ्याकडं पेन दाखवलं. “या कोण तुमच्या?”

अक्कांनी माझ्या हातातली बाटली घेतली. नऊ वर्षं मला तू म्हणणारी बाई, माझ्या बाळंतपणात माझी न्हाणी धुतलेली बाई, माझ्याकडं न बघता म्हणाली,

“ह्या व्हय? शेजारच्या हाईत.”